वहिनीची बोटं

आमच्या दुकानात एक नियम आहे. चुकलेलं, उसवलेलं किंवा अर्धवट काम गिऱ्हाईकाच्या नजरेला पडता कामा नये. दारात माणूस दिसला की हातात जे काही बिघडलेलं असेल ते टेबलाखालच्या टोपलीत जातं आणि तो गेल्यावरच बाहेर येतं. नियम वहिनीने घातला. सुरुवातीला मी तिची खूप टिंगल करायचे. "सर्दी झाली की नाकही टोपलीत टाकायचं का?" असं विचारायचे. ती म्हणायची, "आधी तुझं तोंड टाक." या नियमाने आमची केस जवळजवळ बुडवली, म्हणून आधी तो सांगून टाकला.

दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. कापायचं मोठं टेबल, माझं मशीन, वाफेची इस्त्री आणि भिंतीलगतच्या दांडीवर लोकांचे कोट. आम्ही फक्त कोट शिवतो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. कापणं आणि हाताची शिलाई तिची, मशीन माझं. दादा घरोघर विजेचे मीटर बघत फिरतो. त्याला काहीही विचारलं, अगदी जेवणार का असं विचारलं, तरी तो "बघू" म्हणतो. म्हणून आम्ही दोघी त्याच्या माघारी त्याला बघूच म्हणतो. माझं नाव वहिनीने टकळी ठेवलंय. त्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

वहिनीचं नाव होतं ते काजांसाठी. बटण ज्यातून ओवायचं ते भोक म्हणजे काज. मशीनवर ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं, पण चांगल्या कोटाला हाताचंच लागतं. भोकाच्या कडेने रेशमी दोऱ्याच्या गाठी, एकीला एक लागून, कुठे दाटी नाही की कुठे फट नाही. कोट झिजायचा, कोपरं विरायची, पण तिचं काज शाबूत असायचं. अजूनही रस्त्याने जाताना एखाद्या परक्या माणसाच्या छातीवर मला ते ओळखू येतं. पूर्वी मी मान वर करून बघायचे. आता नजर चुकवते.

वहिनीच्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन साधं आहे असं सगळ्यांनी सांगितलं, आणि ते झालंही साधंच. दुसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली. ताप चढला, धाप लागली. मी सिस्टरला बोलावलं. तिने तापाची गोळी दिली आणि म्हणाली, "ऑपरेशननंतर अंग तापतंच." संध्याकाळी वहिनी बरळायला लागली. पलंगावरची चादर चिमटीत धरून मला म्हणाली, "टकळे, खडू दे गं, हे कुणीतरी वाकडं कापलंय." तिची बोटं गार आणि निळसर पडली होती. मी पुन्हा गेले, पुन्हा पुन्हा गेले. ड्युटीवरच्या डॉक्टरने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. मोठ्या डॉक्टरांनी सकाळी बघतो म्हणून सांगितलं. ड्युटीवरचा मला म्हणाला, "तुम्ही डॉक्टर आहात का? नाही ना? मग जरा धीर धरा." मी आयुष्यात कुणाचं ऐकून गप्प बसले नाही आणि त्या दिवशीही बसले नाही. वॉर्ड डोक्यावर घेतला. तर त्यांनी वॉचमनला बोलावून मला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

रक्त तपासायला गेलं ते त्याच्याही दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर जंतू रक्तात भिनले होते. याला सेप्सिस म्हणतात हे आम्हाला कळलं ते दुसऱ्या, मोठ्या हॉस्पिटलात नेल्यावर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बसवून समजावलं. रक्तदाब कोसळला की उरलंसुरलं रक्त काळजाकडे आणि मेंदूकडे वळतं, माणूस जगवायची औषधंही तेच करतात, आणि हातापायांची टोकं उपाशी राहतात. वहिनी जगली. बोटं वाळत गेली, काळी पडली आणि शेवटी कापावी लागली. उजव्या हाताची अंगठा सोडून चारही, डाव्याची शेवटची दोन.

"नुसती तापाची गोळी देऊन जो वेळ घालवला ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढचं गिळून टाकलं. ते पुढचं पुरं करायला आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो.

वहिनी घरी आली. काही दिवसांनी आम्ही चहा घेत बसलो असताना ती म्हणाली, "ती आहेत."

"कोण?"

"बोटं. गेलेली नाहीत. आत्ता कप लागतोय त्यांना, चांगला गरम आहे."

कप टेबलावर होता आणि तिचा थोटा उजवा हात त्याच्या बराच अलीकडे होता. मी कप तिच्याकडे सरकवला. तिने हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूला खबर उशिरा लागते, हळूहळू जाईल. ते गेलं नाही. उलट बोटं कामाला लागली. मी माझ्या डोळ्यांनी बघायचे. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीखालच्या शिरा हलायच्या. टाका घाल, दोरा ओढ, गाठ बसव, पुन्हा टाका घाल. तीच लय, ज्या लयीच्या शेजारी बसून मी इतकी वर्षं मशीन चालवलं. पुढे काहीच नाही आणि मागे सगळा कारखाना चालू. जेवताना सुद्धा. मी तिच्या हातावर टॉवेल टाकायचे, तर टॉवेलखाली चालू राहायचं.

एकदा तिने मला विचारलं, "ती हॉस्पिटलवाल्यांनी जाळली ना?"

"हो. नियमच आहे म्हणे तसा."

"मग ही कोण आहेत?"

हा कोट कुणाचा आहे, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात तिने ते विचारलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तरी एका दुपारी जे झालं ते सांगते. टेबलावर जाड लोकरी कापड पसरलं होतं, लव असलेलं. लव कुठल्या दिशेला बसते हे बघायला कापणारा माणूस आधी त्यावरून हात फिरवतो. वहिनीने सवयीने उजवा हात फिरवला. हात जिथे संपला त्याच्या पुढे लव आडवी झाली. चार पट्टे, शेजारी शेजारी. मी मशीन थांबवलं, उठले आणि माझ्या तळव्याने ते पट्टे पुसून टाकले.

"तुलाही दिसले," वहिनी म्हणाली.

"कापड मळेल. हात काढ."

त्यानंतर या घरात एकटं बसायची मला भीती वाटायला लागली आणि तिच्याबरोबर बसायची त्याहून जास्त. भेटायला येणारे बिचारे वेगळ्याच भीतीत असायचे. आपली भाषा हाताबोटांनी किती भरलेली आहे हे आमच्याकडे यावं आणि बघावं. एक गिऱ्हाईक सांत्वन करायला आलं आणि म्हणालं, "या हॉस्पिटलवाल्यांनी हात झटकले, पण तुम्ही हातावर हात ठेवून बसू नका." मग स्वतःच पांढरं पडलं. वहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. तशी ती रडूबाई कधीच नव्हती. बोटं कापली तेव्हाही ती रडली नाही. कशाला रडेल? तिच्या मते ती होतीच.

खरं संकट डाव्या हाताचं होतं. त्या हाताची उरलेली बोटं आत वळत चालली होती. वेळेवर ऑपरेशन केलं तर हात वाचेल, नाहीतर त्याची मूठ वळेल ती कायमची, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. त्या ऑपरेशनचा खर्च आमच्या आवाक्यात नव्हता. भरपाई मिळाली तर वहिनीला एक हात मिळणार होता, नाही मिळाली तर तोही जाणार होता. बाकी सगळी कलमं वकीलबाईंच्या डोक्यात, माझ्या डोक्यात एवढंच होतं.

हॉस्पिटलने आधी हात वर केले. मग त्यांच्याच बाजूच्या तज्ज्ञाने, तोंड वाकडं करून का होईना, उशीर झाला हे कबूल केलं. तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली. म्हणे, दुकान तर चालू आहे, कोट तयार होतायत, काजंही हाताचीच आहेत, मग नुकसान कसलं? कोट तयार होत होते ते मी कंबरडं मोडेपर्यंत मशीनवर बसत होते म्हणून. काजं एक म्हातारा कारागीर त्याच्या घरी करून देत होता आणि ती बरी होती, बस. कोर्टाने मग एका डॉक्टरांना नेमलं. त्यांनी दुकानात यायचं, हात बघायचे आणि काय जमतं, काय नाही ते कळवायचं.

वकीलबाईंनी वहिनीला समोर बसवून बजावलं. "नाटक मुळीच करू नका. जे जमत नाही ते जमत नाही, एवढंच त्यांना दिसू द्या."

"हो," वहिनी म्हणाली.

डॉक्टर आले. पायपुसण्यावर बूट नीट पुसणारे, हळू बोलणारे सज्जन गृहस्थ. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी दोन्ही हात तपासले आणि म्हणाले, "एखादं काज करून बघा. जमेल तेवढंच. घाई नाही."

मला मदतीला मनाई होती. मी मशीनच्या स्टुलावर स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले.

वहिनीने कापडाचा तुकडा थंड इस्त्रीखाली दाबून धरला. सुई दातात धरून डाव्या हाताने दोरा ओवला. किती वेळा चुकला ते मी मोजलं नाही. मग वाकड्या बोटांनी सुई खुपसायची, खाली वाकून दातांनी पलीकडे ओढायची आणि उजव्या अंगठ्याच्या बुंध्याने गाठ दाबायची. पहिले टाके बिघडले. वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. हेच तर दाखवायचं होतं.

वहिनीने कात्री ओढली, ते टाके उसवले आणि पुन्हा सुरुवात केली.

तेव्हा मला कळलं काय होणार आहे. परका माणूस समोर बसलाय आणि हातातलं काम बिघडलंय. मी खाकरले. डोळ्यांनी खुणावलं. पाय आपटला. ती वर बघेना. डॉक्टर आधी अधूनमधून घड्याळ बघत होते, मग बघायचे थांबले. टेबलावरचं ऊन सरकत जमिनीवर उतरलं. वहिनीचा ओठ फाटला, रक्त कापडावर सांडू नये म्हणून ती ते गिळत होती. आणि उजव्या हाताच्या शिरा अशा चालल्या होत्या, जणू सगळं काम तिकडेच चाललंय आणि दात, डावा हात नुसते हाताखालचे.

काज झालं. तिचं काज होतं ते. मी ते रस्त्यात कुठेही ओळखलं असतं.

"अद्भुत आहे," डॉक्टर म्हणाले आणि तो तुकडा मागून घेऊन गेले. संध्याकाळी वहिनीचा डावा हात सुजला, तिला चमचा धरवेना. पुढे कितीतरी दिवस मी तिला भरवलं. ते बघायला डॉक्टर नव्हते. त्यांनी कोर्टाला कळवलं की नाजूक हातकाम करण्याची क्षमता टिकून आहे.

वकीलबाईंनी फोनवर अहवाल वाचून दाखवला आणि फोन ठेवून दिला, ते जास्त लागलं. मी मात्र बोलले. "वहिनी, हात दाखवायचा होता, हुनर नाही. डावा हात घालवायचाय का तुला?"

"माणूस समोर बसून बघत होता."

"म्हणून काय झालं?"

"वाईट कसं करू? त्यांना काय वाटलं असतं?"

"डॉक्टरांना?"

"बोटांना," ती म्हणाली. "ती आहेत म्हणून आजवर मी कुणाला सांगत फिरले नाही. पण ती गेली असंही मी कधी म्हटलेलं नाही. त्यांच्यासमोर कसं म्हणू?"

मी दादाकडे बघितलं. दादा ताटाकडे बघत होता. त्याला सगळं माहीत होतं, हे मला तेव्हा समजलं. तिच्या शेजारी झोपणारा माणूस तो. टॉवेलखाली काय चालतं ते त्याने माझ्या आधी बघितलं असणार आणि मूग गिळून बसला असणार. "बघू," तो म्हणाला आणि उठून गेला.

सुनावणीची खोली लहान होती. भिंतीला लागून कपाटं, पाण्याच्या ग्लासांवर झाकण्या, न्यायाधीशबाईंच्या गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. मी आणि दादा पुढच्याच बाकावर होतो. वहिनी कठड्याशी उभी होती, उजवा हात कठड्यावर ठेवून.

हॉस्पिटलचा वकील तरुण होता आणि फार गोड बोलायचा. त्याने प्लास्टिकच्या पाकिटातून तो तुकडा काढला. "बाई, इतकं सुंदर काज मी आयुष्यात पाहिलं नाही," तो म्हणाला.

वहिनीचा चेहरा उजळला. मी रडायच्या बेतात आले. किती काळाने कुणीतरी तिच्या कामाला चांगलं म्हटलं होतं.

"हे तुम्हीच केलंत?"

"हो."

"कुणाची मदत?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला काज करता येतं." तो थांबला. मग त्याने टेबलावर सुई, दोरा आणि कापड ठेवलं. "हवं तर इथेही करून दाखवा. आम्ही सगळे थांबू."

वकीलबाई अर्ध्या उठल्या. न्यायाधीशबाईंनी त्यांना हाताने बसवलं. "त्यांना उत्तर देऊ दे."

मला तिचा हात दिसत होता. शिरा भरभर चालल्या होत्या, मी पाहिल्या होत्या त्याहून भरभर. सुई समोर होती ना. सगळी खोली तिच्याकडे बघत होती आणि हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. ती ते काज करणार याची मला खात्री पटली. दात, ओठ, डावा हात, सगळं पणाला लावून करणार आणि उत्तम करणार.

वहिनीने डाव्या हाताकडे बघितलं. मूठ जवळजवळ वळलेली होती. मग ती खाली वाकली, उजव्या हाताजवळ तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटली. काय ते मला ऐकू आलं नाही. ती पुन्हा सरळ उभी राहिली.

"येत नाही."

"जरा मोठ्याने सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"मला काज करता येत नाही. ते एक झालं कसंबसं, पुन्हा होणार नाही. माझ्या उजव्या हाताला बोटं नाहीत."

आमच्या घरात हे वाक्य तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. माझ्यासारख्या टकळीनेही नाही. शिरा थांबल्या. मी बघत होते म्हणून सांगते, हळूहळू नाही, एकदम थांबल्या, वीज गेल्यावर मशीन थांबतं तशा. कठड्यावर एक हात उरला, चार बोटं नसलेला, आणि तो फार लहान दिसत होता. बाकीचं काही मला आठवत नाही. वकीलबाईंनी माझा दंड दाबला आणि कानात म्हणाल्या, "आता आपली बाजू भक्कम आहे."

परतताना बसमध्ये वहिनी खिडकीशी बसली. "ऐकलं त्यांनी," ती म्हणाली.

"ऐकणारच. न्यायाधीश आहेत त्या."

"त्यांनी गं."

मग ती शोधायला लागली. गरम कपाजवळ हात न्यायची आणि वाट बघत बसायची. दांडीवरच्या कोटांना हात लावून बघायची. टेबलाच्या कडेवर हात आपटायची, दुखलं तर काही कळेल म्हणून. दुखायचं फक्त जे होतं ते. इतके दिवस मी ज्या शिरांना घाबरून टॉवेल टाकत होते, त्याच हलतील म्हणून मी आता मशीन थांबवून बघत राहायचे. खोलीत एक आवाज होता आणि तो गेला असं वाटायचं, पण तसा आवाज कधी ऐकू आलेलाच नव्हता. खरं सांगायचं तर मला त्यांची आठवण यायची.

निकाल लागला तो पूर्ण आमच्या बाजूने. हॉस्पिटलचा हलगर्जीपणा सिद्ध झाला, उजवा हात कामातून पूर्ण गेला हेही मान्य झालं, आणि भरपाईत डाव्या हाताचं ऑपरेशन सहज बसत होतं. वकीलबाईंचा फोन दादाने घेतला. फोन ठेवून तो वहिनीला म्हणाला, "पुढच्याच आठवड्यात तुझा हात करून घेऊ." बघू म्हणाला नाही.

वहिनीने टेबलावर डोकं टेकलं आणि ती रडायला लागली. हुंदके नाहीत, मोठ्याने, आतून. पहिलं बोट सुई किती हळू धरायचं, मधलं तिला मागून कसं ढकलायचं, तिसरं न सांगता कापड सावरायचं, आणि करंगळी, काहीच येत नाही म्हणून तिला सगळे हसायचे, पण दोरा ताणून धरायची ती करंगळीच. एकेकाचं नाव घेऊन रडावं तशी ती एकेका बोटाचं काम सांगून रडत होती. दादा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी मशीनवर खोळ घातली.

बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. शेजारचा घड्याळजी फुलं घेऊन, हसत दारात आला. "जिंकलात म्हणे," तो म्हणाला, आणि मग त्याच्या कानावर ते रडणं पडलं. त्याने फुलं खाली केली.

"कुणी गेलं का?" त्याने हळूच विचारलं.

"चार जण," मी म्हणाले आणि दुकानाचं दार लावून घेतलं.